उसनं पेट्रोल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कवितेवर बोला म्हटलं तर मला पंधरा मिनिटं पुरत नाहीत, पण आज कविता बाजूला ठेवून मी पेट्रोलवर बोलणार आहे. पेट्रोलच्या भावावर नाही. त्यावर चहाच्या टपरीवर माझ्याहून चांगलं बोलणारे आहेत. मला बोलायचं आहे ते टाकीतून पेट्रोल काढण्यावर. तुम्ही म्हणाल, या बीए झालेल्या कवीला ही मिस्त्रीगिरी कुठून सुचली? सुचली ती रस्त्यामुळे. नांदेड माझं गाव, लातूर ही माझी सासुरवाडी. मधलं अंतर सुमारे १४० किलोमीटर. लग्नं, मय्यती, कविसंमेलनं, मुलांच्या शिकवण्या, या ना त्या कारणानं तीस-पस्तीस वर्षं मी लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर असा हा रस्ता तुडवतो आहे. आधी एस.टी.नं, मग मोटारसायकलवर आणि आता भाच्याच्या मोटारीत मागच्या सीटवर बसून.

या रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असायचं, 'गाडी रिझर्व्हला लागली.' मराठीत हे वाक्य इतकं मुरलं की साठी उलटलेले आमचे एक गुरुजी तब्येतीची चौकशी केली की म्हणायचे, 'काही नाही बा, गाडी रिझर्व्हला लागलीय.' आता ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्या पोरांना हे वाक्य उलगडून सांगावं लागतं. जुन्या मोटारसायकलच्या टाकीच्या पोटाला एक छोटा कॉक असे. कॉकच्या वर, टाकीच्या आत, दोन नळ्या उभ्या. एक उंच, एक बुटकी. कॉक नेहमीच्या जागी असला की पेट्रोल उंच नळीतून उतरायचं. टाकीतली पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देऊन बंद. मग चालत्या गाडीवरच डावा हात खाली घालायचा, कॉक फिरवायचा, की बुटक्या नळीतून तळाचं पेट्रोल सुरू. एवढीच ती रिझर्व्हची करामत. वेगळी टाकी वगैरे काही नव्हती. एकाच पाण्यात दोन उंचीचे दोन माठ बुडवावेत, तसं. स्कूटरवाल्यांची आणखी एक तऱ्हा होती. तेही संपलं की स्कूटर जमिनीकडे आडवी करायची, कोपऱ्यात साठलेले चार थेंब कॉककडे आणायचे आणि पंप येईपर्यंत मनात जो कोणी आठवेल त्याचं नाव घ्यायचं.

पण या कॉकचा खरा उपयोग स्वतःसाठी नव्हता, दुसऱ्यासाठी होता. रस्त्याच्या कडेला कोणी गाडी ढकलत चाललेला दिसला की आपण थांबायचं. 'काय झालं?' 'पेट्रोल सरलं.' मग कार्ब्युरेटरकडे जाणारी बोटभर जाडीची रबरी नळी उपसायची, तिच्या तोंडाला बाटली धरायची, कॉक उघडायचा. पृथ्वी बाकीचं काम करायची. वरचं खाली येतं, यापेक्षा जास्त विज्ञान त्यात नव्हतं. अर्धा लिटर दिलं की समोरचा खिशात हात घालायचा आणि देणारा म्हणायचा, 'राहू द्या, पुढं कोणाला तरी द्या.' आमच्या गल्लीत वाटीभर साखर उसनी आणायची रीत होती, तसं हे उसनं पेट्रोल. फरक एवढाच की परतफेड भलत्याच माणसाकडे व्हायची.

या उसन्या पेट्रोलची मला सर्वांत ठसठशीत आठवण आहे ती १९९३ ची. ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीचा भूकंप. मी नुकताच बीए होऊन मोकळा हिंडत होतो. आम्ही सहा पोरं तीन मोटारसायकलींवर बिस्किटं, पाव, पट्ट्या, जुने कपडे असं काहीबाही बांधून नांदेडहून निघालो. औशाच्या पुढे गेल्यावर जे पाहिलं त्याबद्दल मी आजवर एकही कविता लिहू शकलेलो नाही आणि आज सांगणारही नाही. फक्त एक गोष्ट सांगतो. रस्त्यात एक अॅम्बॅसिडर उभी होती. आत दोन जखमी, एक म्हातारी आणि एक लहान मुलगी. गाडी लातूरच्या दवाखान्याकडे निघालेली आणि पेट्रोल खलास. पाऊस सुरू होता. बाटली कोणाकडेच नाही. तेवढ्यात गाडीवाल्यानं सलाइनची एक रिकामी बाटली पुढे केली. तिन्ही मोटारसायकलींचे कॉक आळीपाळीनं उघडले, ती बाटली भरत गेलो, ओतत गेलो. किती दिलं ते मोजलं नाही. अॅम्बॅसिडर चालू झाली आणि गेली. ती दोघं वाचली की नाही हे मला माहीत नाही. आम्ही मात्र रात्री एका गाडीला दुसरी बांधून ओढत लातूरला आलो.

तर, ज्यांच्या गाडीला कॉक नसे, म्हणजे मोटारी, जिपा, त्यांच्यासाठी नळी होती. टाकीचं झाकण काढायचं, दोन वाव रबरी नळी आत सोडायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, पेट्रोल ओठांपर्यंत आलं की झटक्यात खाली डब्यात धरायचं. शाळेच्या पुस्तकात याला वक्रनलिका म्हणायचे. गावात कोणी हा शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही. 'नळी लावली', 'ओढून काढलं', एवढंच. कालव्याचे इंजिनिअर सायफन म्हणतात. शब्द कोणताही घ्या, नियम एकच. डबा टाकीतल्या पातळीपेक्षा खाली पाहिजे आणि नळी गच्च भरलेली पाहिजे, मधे हवा नको. मग पेट्रोल आधी टाकीच्या तोंडापर्यंत वर चढतं आणि मग खाली उतरतं. वर चढवतो तो बाहेरच्या हवेचा दाब, खाली ओढतं ते त्याचं स्वतःचं वजन.

मराठवाड्याला ही विद्या नवी नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मैलोन्मैल मातीच्या नळांतून येतं, शेवटी भिंतीतून वर चढतं आणि हौदात कोसळतं. आणि लातूरकरांना तर २०१६ च्या उन्हाळ्यानं या विद्येची पदवीच दिली. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, असा तो उन्हाळा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात धुऊन-वाफवून पाठवलेल्या होत्या. माझ्या सासुरवाडीत तेव्हा गच्चीवर चार निळे ड्रम होते, आणि सासूबाई, वय वर्षं सत्तर, स्वतः नळी तोंडानं ओढून ड्रममधलं पाणी खाली मोरीत उतरवायच्या. एक थेंब सांडायचा नाही. मला ओढू देत नसत. जावयाला पाणी ओढायला लावायचं कसं, हा त्यांचा प्रश्न.

पण पाणी तोंडात गेलं तर तहान भागते. पेट्रोलचं तसं नाही. तिकडे मी येतोच.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लातूरचं एक लग्न आटोपून मी आणि भाचा त्याच्या नव्या मोटारीतून नांदेडला परतत होतो. रात्रीचे साडेदहा झाले असतील. माळाकोळीच्या अलीकडे दिव्याच्या झोतात एक माणूस मोटारसायकल ढकलताना दिसला. मागे त्याची बायको, तिच्या खांद्यावर शालीत गुंडाळलेलं पोर. भाच्यानं गाडी थांबवली. ओळखीचाच संवाद झाला. 'काय झालं, भाऊ?' 'पेट्रोल सरलं बगा. लेकरू तापलंय, फणफणलंय निस्तं. दवाखान्यात न्यायलोय.' पंप मागे राहिलेला, पुढचा लांब. आमच्या गाडीची टाकी लातुरातच काठोकाठ भरलेली. भाचा म्हणाला, 'मामू, एक लिटर देऊन टाकू.' जवळच्या ढाब्यावरून नळी आणली. भाच्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि नळी आत सोडली.

वीतभर गेली आणि अडली. फिरवली, अजून हातभर गेली आणि अडली ती अडलीच. ढाबेवाल्यानं बारीक नळी आणून दिली. ती आत जाऊन कुठे तरी गोल वेटोळं करून बसली. भाच्यानं तोंड लावलं तर नुसता वास. पाच माणसं, एक भरलेली टाकी, एक रिकामी टाकी, मधे दोन हातांचं अंतर, आणि थेंब निघेना. ते पोर मधूनच कण्हत होतं. बाईनं एकदाच विचारलं, 'निघना का, दादा?' तिच्या आवाजात जी शंका होती, ती मला बोचली. तिला वाटलं असणार, द्यायचं नाही म्हणून हे नाटक चाललंय. मोटार ढाब्याएवढी मोठी, आणि त्यातून लिटरभर पेट्रोल निघत नाही, हे कोणाला पटेल?

मग काय, मोटारसायकल ढाब्यावर ठेवली, तिघांनाही गाडीत घेतलं आणि लोह्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर होते, पोराला तपासलं, ताप उतरवायचं औषध दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. आमचं काम संपलं. पण ती अडलेली नळी माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या देगलूर नाक्याकडे एक मिस्त्री आहे. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला मामू म्हणतो. दोन दिवसांनी त्याच्याकडे गेलो तर योगायोगानं एका अपघातातल्या गाडीची सुटी टाकी कोपऱ्यात पडलेली होती. त्यानं ती माझ्यासमोर पालथी-उताणी करून दाखवली. मी पहिल्यांदाच पाहत होतो. टाकी म्हणजे डबा, असं माझ्या मनातलं चित्र. ही प्लास्टिकची निघाली. काळी, जाड, वाकडीतिकडी, मागच्या सीटखालच्या पोकळीत बसेल अशी चपटी.

'हा बघा घसा,' तो म्हणाला. जिथं पंपाची बंदूक घालतात तिथून टाकीपर्यंत जाणारी नळी. सरळ नाहीच. आधी तोंडाशी एक छोटी झडप, बंदुकीनं ढकलली की उघडणारी. तोंडही मुद्दाम अरुंद केलेलं. त्याच्यामागेही इतिहास आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालत. बिनशिशाचं पेट्रोल आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत आलं आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर तेच राहिलं. बिनशिशाच्या गाडीत शिशाच्या पेट्रोलची जाड बंदूक शिरूच नये म्हणून जगभर तोंडं अरुंद होत गेली. त्या तोंडानंतर नळीला दोन वळणं. आणि जिथं ती टाकीला मिळते तिथं स्प्रिंगवर बसवलेला एक पडदा. पेट्रोल आत जाताना तो उघडतो, आतून बाहेर काही येऊ लागलं की मिटतो. आमची नळी त्या पडद्यावर डोकं आपटत होती. समजा पडदाही ओलांडला, तरी नळीचं तोंड तळाशी जाईलच असं नाही. टाकी चपटी, आत कप्पे, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून घातलेल्या भिंती. आणि वर आमच्याकडचा उन्हाळा. पेट्रोल इतकं चंचल की तापलेल्या नळीत, ओढलेल्या जागी, त्याची वाफ होते. बुडबुडा आला की धार तुटली.

मी विचारलं, 'मग तू कसं काढतोस?' तर म्हणाला, 'तोंडातून काढायची गोष्ट सोडा, सीट उचलतो.' मागच्या सीटखाली एक झाकण असतं. त्याच्याखाली पेट्रोलचा विजेवरचा पंप, टाकीतच बुडवलेला. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, म्हणून टाकी कायम रिकामी ठेवून गाडी पळवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, हे त्यानं जाता जाता सुनावलं. आधी पंपाचा फ्यूज काढायचा, गाडी चालू ठेवून बंद पडू द्यायची, म्हणजे नळ्यांतला दाब उतरतो. हा दाब मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त असतो. तसाच पाइप उपसला तर पेट्रोल डोळ्यांत. मग बॅटरीची तार सोडवायची, पंपाची चकती फिरवून पंप वर उचलायचा आणि हातपंपानं उपसायचं. गाडी खड्ड्यावर उभी नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली उतरते, खड्ड्यात साठते, तिथं एक ठिणगी पुरते. हे सगळं करायला निवांत अर्धा-पाऊण तास, उजेड आणि हत्यारं हवीत. माळाकोळीच्या अंधारात आम्ही काय केलं असतं?

तोंड लावण्याबद्दल मात्र तो हसत बोलला नाही. 'मामू, मूं नक्को लगाओ,' एवढंच म्हणाला. का, ते मला माहीत होतं. तो सोळा-सतरा वर्षांचा असताना गॅरेजवर शागीर्द होता. एका जिपेतून पेट्रोल ओढताना त्याच्या तोंडात घोट गेला, ठसका लागला. गल्लीतल्या जाणत्यांनी मिठाचं पाणी पाजून त्याला उलटी करायला लावली. रात्री त्याला धाप लागली, ओठ निळसर झाले. नऊ दिवस दवाखान्यात होता. त्याची अम्मी बाहेर पायरीवर बसून असायची. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो नाही. पेट्रोल, रॉकेल हे पोटापेक्षा फुप्फुसाला घातक. अतिशय पातळ असल्यानं ते श्वासनलिकेत चटकन पसरतं आणि फुप्फुसाला आतून भाजल्यासारखी सूज आणतं. उलटी करवली की तेच पेट्रोल पुन्हा घशातून वर येतं आणि श्वासनलिकेत जायची दुसरी संधी त्याला मिळते. म्हणून उलटी करवायची नाही, मीठपाणी, दूध काही पाजायचं नाही. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढायचे आणि थेट दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करायचा. आता बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही, कारण धाप काही तासांनीही लागते. पाण्याच्या बाटलीत रॉकेल भरून ठेवणाऱ्या घरांत लहान मुलांच्या बाबतीत हेच घडत आलं आहे. ज्या घरांत अजून अशी बाटली कोपऱ्यात असेल त्यांनी भाषण संपायची वाट न पाहता उठावं आणि ती उचलून ठेवावी.

कंपन्यांनी हा पडदा चोरांसाठी बसवला, असा माझा समज होता. मिस्त्रीनं तो दुरुस्त केला. गाडी उलटली तर पेट्रोल घशातून बाहेर सांडून पेट घेऊ नये, हे पहिलं कारण. वाफ हवेत जाऊ नये, हे दुसरं. टाकीत तयार होणारी वाफ आता कोळशाच्या एका डब्यात धरून ठेवतात आणि इंजिनाला पुरवतात. चोराची अडचण ही त्यातली वरकमाई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, तेव्हा मोटारसायकलीही बदलल्या. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, पंप टाकीत गेला आणि तो कॉक, ती उंच आणि बुटकी नळी, सगळं निघून गेलं. आता मोटारसायकलवाला मोटारसायकलवाल्यालाही सहजासहजी पेट्रोल देऊ शकत नाही. गाडी रिझर्व्हला लागत नाही, काट्यावरची खूण लुकलुकते.

मला याचं दुःख आहे, पण तक्रार नाही. टाकी बंद झाली हे बरंच झालं. तेलाच्या उघड्या झाकणाशी काय काय चालतं हे आपण पाहिलेलं आहे. २५ जानेवारी २०११, मनमाडजवळचं पानेवाडी. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे रस्त्यानं जात होते. टँकरमधून तेलाची चोरी आणि भेसळ चालल्याचा त्यांना संशय आला, ते उतरले, जाब विचारला. त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. नांदेडहून मुंबईला जाणारी गाडी मनमाडवरून जाते. त्या स्टेशनात गाडी थांबली की इतकी वर्षं होऊनही मला त्यांचं नाव आठवतं. नळी लावून काढलेल्या डबाभर तेलाची किंमत कुठवर जाते, याचा त्याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. ट्रकवाल्यांना विचारा. त्यांची टाकी बाजूला उघड्यावर टांगलेली, म्हणून झाकणाला कुलूप आणि घशात जाळी. ढाब्यावर झोपताना ड्रायव्हर टाकीकडे तोंड करून झोपतो.

कधी कधी मात्र टाकी रिकामी करावीच लागते. माझ्या साडूंच्या डिझेल गाडीत एका पंपावरच्या पोरानं पेट्रोल भरलं. उलटं सहसा होत नाही, कारण डिझेलची बंदूक जाड, ती पेट्रोलच्या तोंडात शिरत नाही. पेट्रोलची बारीक बंदूक मात्र डिझेलच्या तोंडात मावते. साडूंच्या ते लगेच लक्षात आलं, आणि त्यांनी शहाणपणा केला तो असा की किल्लीला हातच लावला नाही. डिझेल हेच त्या गाडीच्या पंपाचं वंगण. पेट्रोल आलं की वंगण गेलं, लोखंडावर लोखंड घासतं, त्याचा भुगा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. गाडी ढकलून बाजूला घेतली, ओढून गॅरेजला नेली, टाकी उपसली, नळ्या धुतल्या. काही हजारांत सुटले. किल्ली फिरवली असती तर आकडा वेगळा असता.

दुसरं कारण पाण्याचं. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी शिरलं, ते हद्दीबाहेर गेलं की इथेनॉलसकट तळाशी जाऊन बसतं, आणि पंप नेमका तळातलंच उचलतो. मिस्त्री सांगतो, अशा गाड्या पावसाळ्याच्या शेवटी येतात. आता हे इथेनॉल कशाचं, तर त्यातलं काही उसाचं. आणि ऊस कुठला, तर ज्या जिल्ह्याला पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं त्याच्या शिवारातलाही. मिरजेच्या कृष्णेचं पाणी लातूरला आणि लातूरच्या जमिनीतलं पाणी उसातून गाडीच्या टाकीत. एवढी लांब नळी कोणत्या मिस्त्रीनं लावली, हे विचारायला मला आवडेल. पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

आता व्यवहाराचं. पेट्रोल न्यायचं तर पाण्याच्या बाटलीतून नेऊ नका. पुष्कळ पंपवाले देत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. प्लास्टिकमध्ये ओतताना घर्षणानं वीज साठते, आणि पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग आपल्याकडच्या बेचाळीसची काय कथा. गच्च झाकणाचा धातूचा कॅन घ्या, भरताना तो जमिनीवर ठेवा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानं पेट्रोलला सर्वांत धोक्याच्या वर्गात टाकलेलं आहे. विकायचं नसेल तर थोडं जवळ बाळगायला परवाना लागत नाही, पण विकायला लागलात की तो गुन्हा. राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर १०३३ हा नंबर आहे, तो मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

ती मोटारसायकल ज्या ढाब्यावर ठेवली होती, तिथं आम्ही आता प्रत्येक खेपेला चहाला थांबतो. त्या रात्रीनंतर ढाबेवाल्यानं पाच लिटरचा एक पत्र्याचा कॅन आणला. भट्टीपासून लांब, मागच्या शेडमध्ये, चार विटांवर ठेवलेला असतो. कोणी ढकलत आला की तो लिटरभर देतो. पैसे घेत नाही. 'पैशे घेतले की इकणं झालं,' म्हणतो. 'जेवढं नेलं तेवढं आणून टाका.' मी विचारलं, आणतात का लोक? त्यानं खांदे उडवले. काही आणतात, काही नाही आणत, आणि एक जण लिटरभर नेऊन दोन लिटर टाकून गेला.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मी शेडमध्ये डोकावून पाहिलं. कॅन निम्म्याहून जास्त भरलेला होता, आणि झाकणाला सुतळीनं एक छोटं नरसाळं बांधलेलं होतं.